वाटाण्याएवढी गाठ

एका शहरात मेंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टर होत्या, शाल्मली गद्रे. त्यांचा हात इतका कसलेला, की गाठीचा कणसुद्धा त्या मागे ठेवत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. ती ख्याती त्यांनाही मनातून आवडायची.

एकदा सुपं-टोपल्या विणणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याकडे आणलं. महिनाभर त्यांचं डोकं ठणकत होतं, ओकाऱ्या होत होत्या. त्या दिवशी तर विणता विणताच त्या कोसळल्या. तपासणीत मेंदूच्या मधोमध वाटाण्याएवढी गाठ दिसली. अशी गाठ क्वचितच कुणाला होते. ती कर्करोगाची नव्हती. पण मेंदूतलं पाणी ज्या अरुंद वाटेनं वाहतं, नेमकी त्याच वाटेत बसली होती. पाणी तुंबत होतं, मेंदू दाबला जात होता. थांबायला वेळ नव्हता.

डॉक्टरांनी कवटीला लहानसं छिद्र पाडून पेन्सिलीएवढी नळी आत सोडली. नळीतून कॅमेरा आत गेला आणि पडद्यावर एक गुहा उजळली. निवळशंख पाणी, चकाकत्या भिंती, आणि हृदयाच्या ठोक्यासरशी सगळंच हलके हलके हलत होतं. शंभरदा पाहूनही शाल्मलीताईंचा श्वास क्षणभर रोखला गेला.

त्यांनी गाठ फोडली, आतला चिकट गर ओढून घेतला, साल सोडवून काढली. वाट मोकळी झाली. तुंबलेलं पाणी वाहू लागलं. फक्त सालीचा एक कण एका नाजूक शिरेला चिकटून राहिला.

"मॅडम, एवढंच राहिलंय. ओढलं की संपलं," मदतीला असलेले डॉक्टर म्हणाले.

शाल्मलीताईंचा चिमटा पुढे झाला. शीर थरथरत होती. ती फाटली, तर तुळसाबाई उठणार नव्हत्या. उठल्याच, तर सकाळचं त्यांना दुपारी आठवणार नव्हतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि चिमटा मागे घेतला.

तिसऱ्या दिवशी तुळसाबाई उठून बसल्या. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "एक कण आत ठेवलाय. तो वाढतोय का, ते दरवर्षी बघावं लागेल."

"बघू की. पर डॉक्टरीणबाई, तुमी आत बघून आलायसा. कसं असतंय वो तितं?"

"इतकं सुंदर, की माझा हात भ्याला."

तुळसाबाईंनी तो हात आपल्या हातात घेतला. "भ्याला म्हणून तर मी जित्ती हाय."

तात्पर्य: जे आपल्या हाती सोपवलेलं असतं, त्याच्यापुढे जो नम्र राहतो, त्यालाच कुठे थांबायचं ते कळतं, आणि वेळेवर थांबणं हेही कौशल्यच असतं.