नदीचे नाक

एका राज्यात सत्ता रोमक सम्राटाची होती आणि वस्ती यवनांची, म्हणजे ग्रीकांची. तेथील अल्किरा नगरी स्वतःची काशाची नाणी पाडीत असे. एका अंगास सम्राटाचे मुख, दुसऱ्या अंगास नगरीच्या नदीचे, ही पूर्वापार रीत. पण नगराध्यक्ष दमोन मोठा खुशमस्कऱ्या. त्याने दोन्ही अंगांस सम्राटच छापविला. सम्राटाने त्या नाण्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. नदी मात्र रुसली.

"माझे मुख नाण्यावर परत येईतो थेंब मिळणार नाही," असा शाप देऊन ती डोंगरातल्या गुहेत जाऊन बसली. विहिरीही तिच्या पाठोपाठ गेल्या.

नाण्यांचे ठसे कोरणारी मेलिता. तिची तान्ही लेक तहानेने कोमेजत चालली, तसा तिचा जीव तुटू लागला. लेकीला शेजारणीपाशी ठेवून, छिन्नी-हातोडी घेऊन ती नदीच्या शोधात निघाली. वाट खंड्या पक्ष्याने दाखविली. मासे मिळत नाहीत म्हणून तो वाटभर कुरकुरत होता.

गुहेत नदी केस मोकळे सोडून बसली होती. ती म्हणाली, "माझ्या मुखाचे तीन ठसे कोर. एक जरी साधला, तर मी परत येईन. तिन्ही चुकले, तर मी कायमची समुद्राकडे जाईन."

मेलिताने पहिला ठसा कोरला. खंड्याने मान वाकडी करून पाहिले. "हे सम्राटाचे नाक आहे," तो म्हणाला.

खरेच होते ते. वर्षानुवर्षे तेच नाक कोरून हाताला तेच वळण लागले होते. दुसरा ठसा तिने जपून कोरला, तर नाक पहिल्याहून रुबाबदार उतरले. नदीने समुद्राच्या दिशेने पाऊल उचलले.

मेलिताच्या डोळ्यांत पाणी आले. तिने छिन्नी खाली ठेवली. "आई, जरा जवळ ये. तुझ्या काठी वाढले, पण तुला नीट पाहिलेच नाही."

नदी जवळ आली. मेलिताने तिच्या तोंडावरून हात फिरविला. नाक बसके, गालांवर खळगे, केसांत शेवाळ. तिने तसेच कोरले.

"फारसे देखणे नाही," खंड्या म्हणाला.

"मीही नाही," नदी म्हणाली आणि खळखळून हसत डोंगर उतरली.

तिच्या मागोमाग विहिरी परतल्या. दमोनाने गुडघाभर पाण्यात उभे राहून नदीची क्षमा मागितली आणि नवी नाणी जुन्या रीतीने पाडविली. मेलिता घरी पोचली तेव्हा लेक अंगणातल्या पाण्यात हात आपटीत बसली होती. तिने लेकीला ओलीचिंब उचलून छातीशी धरले आणि पोटभर रडून घेतले.