फ्रान्सिसच्या नावाचा अर्ज

"...मग सही करताय न्हवं, वस्ताद?"

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. गोलच्या दोन खांबांमध्ये उकिडवे बसून ते मातीतले खडे वेचत होते. सकाळचे आठ वाजले होते. वय अठ्ठ्याहत्तर. एके काळी ते चंद्रसेन तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. त्यानंतरची चाळीस वर्षं पेठेत जो कुणी फुटबॉलला पाय लावील, त्याचे वस्ताद.

"कशावर?"

"अर्जावर. मघाशी सगळं सांगितलं की."

"मघाशी तू बोलत हुतास. मी खडं वेचत हुतो."

धैर्यशील सरनोबत गप्प झाला. असं गप्प होणं त्याच्या अंगवळणी नव्हतं. चंद्रसेनच्या समर्थकांचा तो म्होरक्या. पंचवीस वर्षांत त्यानं एक सामना चुकवला नव्हता. लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीच्या अंगानं येऊन तो गॅलरीत बसला होता. त्याच्या आवाजाला भोंगा लागत नसे. त्यानं एक हाळी दिली की अख्खी गॅलरी मागून उठायची. कोल्हापुरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे धैर्यशीलला ठाऊक होतं.

चार दिवसांपूर्वी पेठेवर आभाळ कोसळलं होतं.

खेळाडूंच्या बदल्यांची चौकशी चालली होती, तिच्यात चंद्रसेनचं नाव निघालं. तालमीचा सेक्रेटरी आणि खेळाडू आणून देणारा एक दलाल, दोघांनी मिळून कागदांत लबाडी केली होती. घानाहून आलेला फ्रान्सिस नावाचा खेळाडू पहिल्याच महिन्यात आजारी पडून मायदेशी परतला. त्याच्या जागी दलालानं दुसराच माणूस आणला, ओबेद. नवे कागद करण्यात वेळ गेला असता. म्हणून ओबेद फ्रान्सिसच्या नावावर उतरला, आणि तीन वर्षं त्याच नावानं खेळला.

तीन वर्षं, तीन कप. ते परत घ्यायचे की नाही, हे सोमवारी ठरणार होतं.

बातमी आली त्या संध्याकाळी पेठेतल्या चौकात जर्सी जळल्या. ज्या फलकावर फ्रान्सिस म्हणून ओबेदचा हसरा फोटो होता, तो लोकांनी ओढून खाली पाडला. तालमीच्या दाराला कुणीतरी कुलूप घातलं. म्हातारी माणसं कट्ट्यावर बसून जुन्या सामन्यांच्या आठवणी काढत राहिली, आणि मधेच कुणी डोळे पुसले.

मग एका वकिलानं वाट दाखवली. खेळाडूनंच खोटं नाव सांगून तालमीला फसवलं, असं समर्थकांनी लिहून द्यायचं. कप वाचतील.

दोनशेच्या वर सह्या झाल्या होत्या. सगळ्यात वरची ओळ मोकळी ठेवली होती. ती वस्तादांची.

"तुमची सही असली की कुणी तोंड उघडणार न्हाई," धैर्यशील म्हणाला. "पेठेच्या अब्रूचा प्रश्न हाय."

"अब्रू कुणी घालवली?"

"त्यानं. आणि त्या सेक्रेटरीनं. आमी समर्थक. आमी काय केलंय? घसा फाटंस्तवर ओरडलो, एवढंच."

वस्तादांनी ओंजळभर खडे रेषेबाहेर टाकले...

धैर्यशील त्यांच्या शेजारी मातीत बसला. आवाज खाली आला.

"वस्ताद, तुमच्या वेळी असलं न्हवतं. आमचे आबा सांगायचे. चामड्याचा बॉल, वरनं वाद्या आवळलेल्या. पाण्यात भिजला की असा जड व्हायचा, की डोक्यावर घेणारा दोन मिनटं तिथंच उभा राहायचा. पेठेतल्या बायका घरी शर्ट रंगवून द्यायच्या. घामानं रंग अंगावर उतरायचा, आणि तो आठ दिवस कोण धूत नसे."

"हां. पाठ जांभळी व्हायची."

"आबांनी मला खांद्यावर बसवून आणलं पहिल्यांदा. मी चार वर्षांचा. सामना आठवत न्हाई. आबांच्या टोपीचा वास आठवतो, आणि गोल झाला तेव्हा खालनं त्यांचा खांदा हादरला, ते आठवतं. रणवीर तालमीविरुद्धची ती पेनल्टी तुम्ही अडवली, ती आबांनी मला इतक्या वेळा सांगितली, की मीच बघितल्यासारखी वाटते. तुम्ही डावीकडं झेपावलात. बोटं मोडली, पण बॉल सोडला न्हाई. आपल्या पेठेचा माणूस, आपल्या पेठेसाठी. कागद न्हाई, दलाल न्हाई."

वस्तादांनी उजवा हात उन्हात धरला. दोन बोटं वाकडी होती.

"पेनल्टी मारणारा कोण हुता?"

"रणवीरचा कोणीतरी."

"यशवंता. माझा जोडीदार. आमी एका ताटात जेवायचो."

"म्हंजे?"

"मी रणवीरचा. त्यांच्याच पेठेत जन्मलो, तिथंच खेळाया शिकलो."

धैर्यशील बघतच राहिला.

"थोरल्या भावाला गिरणीत चिकटवतो म्हणाले तुमचे लोक. भावाची चार पोरं हुती. मी आलो." वस्ताद पुन्हा खडे वेचू लागले. "यशवंता डावीकडं मारतोय हे मला ठावं हुतं. दुसऱ्या कुणाला ठावं असणार? अकरा वर्सं माझ्याशी बोलला न्हाई."

"...आबांनी हे कधी सांगितलं न्हाई."

"तुझ्या आबाला ठावं हुतं. सगळ्या पेठेला ठावं हुतं."

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बॉलचा ठोका ऐकू आला. धैर्यशीलनं वळून पाहिलं. ओबेद एकटाच भिंतीवर बॉल मारत होता. पासपोर्ट चौकशीवाल्यांकडे, तालमीला कुलूप, खोलीच्या दारावर परवा कुणी दगड मारलेले. जायला दुसरी जागा नव्हती. वस्ताद रोज सकाळी मैदानात असतात, एवढं त्याला माहीत होतं.

"ह्याला हितं येऊ देताय?"

"मैदान हाय. मी कोण येऊ देणारा?"

धैर्यशीलनं अर्ज पुढं केला. पेन पुढं केलं.

वस्तादांनी माती झटकली, कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि परत धैर्यशीलच्या हातात दिला.

"वाच."

"तुम्हीच वाचा की."

"चष्मा न्हाई. आणि तुझा आवाज चांगला हाय."

धैर्यशील वाचू लागला. "आम्ही खाली सह्या करणारे चंद्रसेन तालमीचे समर्थक..."

"मोठ्यानं."

"ऐकू येतंय की तुम्हाला."

"मला येतंय. त्याला येत न्हाई." वस्तादांनी पलीकडच्या टोकाकडं हनुवटी केली. "गॅलरीतनं त्याला ऐकू जायचं न्हवं? तसं."

धैर्यशील उभा राहिला. छाती भरून घेतली. "...लिहून देतो की, सदर खेळाडूनं फ्रान्सिस असं नाव सांगून आमची..."

तिथं तो थांबला.

"हं. पुढं."

"...आमची..."

"धैर्यशील."

"जी."

"फ्रान्सिस आजारी पडून गेला. त्याला स्टँडवर पोचवाया कोण गेलं हुतं?"

मैदानात दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवर बॉल आपटत होता, परत येत होता.

तो दिवस धैर्यशीलला लख्ख दिसला. तापानं फणफणलेला फ्रान्सिस, अंगावर धैर्यशीलच्याच घरची चादर. बायकोनं बांधून दिलेल्या दशम्या. मुंबईच्या गाडीच्या खिडकीतून हललेला हात. आणि त्यानंतर वीस दिवसांनी तालमीच्या दारात उभा असलेला दुसराच उंच माणूस, ज्याला हाक मारली तरी तो वळून बघत नव्हता. गॅलरीत लोक म्हणू लागले, माज आहे. तेव्हा एक दिवस धैर्यशीलच त्याच्याजवळ गेला होता. हातवारे करून, मोडक्या हिंदीत, हसत हसत त्याला शिकवलं होतं. फ्रान्सिस म्हटलं की मागं बघायचं. फ्रान्सिस म्हंजे तू.

पुढच्याच सामन्यात त्यानं दोन गोल मारले. मग कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही.

"...मी," धैर्यशील म्हणाला.

वस्तादांनी वाकून एक खडा उचलला.

भिंतीवरचा ठोका थांबला होता. ओबेद बॉल काखेत धरून त्यांच्याकडंच येत होता. मोठ्या आवाजातलं ते अर्धं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं असावं; त्यातलं एक नाव तरी नक्कीच. दहा पावलांवर तो थांबला. धैर्यशीलला ओळखून जरा बिचकला, तरी हसला. तीन वर्षांत जेवढं मराठी कमावलं होतं, ते त्यानं पुढं केलं.

"दादा... जेवला काय?"

धैर्यशीलनं नुसती मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही कळलं नसतं. कागदाची घडी घालून त्यानं खिशात ठेवली, आणि मैदानाबाहेर चालू लागला.

सोमवारी तो चौकशी समितीपुढं उभा राहिला. अर्ज दिला नाही. स्वतःचं सांगितलं. स्टँडवर कोण गेलं, नाव कुणी शिकवलं, आणखी किती जणांना ठाऊक होतं. नाव मात्र स्वतःचं एकट्याचंच दिलं.

कप गेले. तालीम खालच्या गटात गेली. ओबेदचा दोष नाही असं ठरलं, पासपोर्ट मिळाला. तो स्वतःच्या नावानं खेळायला दुसऱ्या राज्यात निघून गेला. धैर्यशीलला दोन हंगाम मैदानबंदी झाली. पेठेतली निम्मी माणसं त्याच्याशी बोलेनाशी झाली. ज्या चहाच्या टपरीवर त्याच्यासाठी बाक रिकामं करायचे, तिथं तो उभ्यानं चहा पिऊ लागला.

पण सामन्याच्या दिवशी पाय घरात ठरत नसत. चार वाजले की तो मैदानाच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. आत काय चाललंय ते दिसत नसे. गलका वाढला की चंद्रसेन पुढं गेलं असं समजायचं. सगळं एकदम थांबलं की पेनल्टी. नवी पोरं खेळत होती, सगळी पेठेतलीच. त्यांची नावं तो गॅलरीच्या ओरडण्यातून एकेक करून शिकला.

अशाच एका दुपारी, सामना रंगात आलेला असताना, शेजारी कुणीतरी येऊन भिंतीला टेकलं. दस्तगीर वस्ताद होते.

आत कुणाचातरी गोल झाला. भिंत पाठीला हलकीशी हादरली.

"वस्ताद," धैर्यशील म्हणाला, "मला बंदी हाय. तुमची तर पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलेली असते. तुम्ही का बाहेर?"

वस्तादांनी डोळे मिटून घेतले होते...

"आत नुसतं दिसतंय रं. ऐकू हितनं येतंय."