प्लास्टरमधला हात

माजी सभापती रंगराव घाटग्यांनी वारलेल्या मुलाची मोटरसायकल तीन वर्षं ताडपत्रीखाली जपली होती. दर दसऱ्याला तिला हार घालायचे, पण किल्ली कुणाला लावू देत नसत. यंदा मुलाच्या वाढदिवशी स्वतः किल्ली लावली, तर ती सुरू होईना, म्हणून त्यांनी ती ढकलत चौकातल्या गॅरेजवर आणवली आणि सगळ्यांदेखत दस्तगीर मिस्त्रीवर कडाडले, "तुझी खटारा गाडी त्याच साली घेतलेली, रोज गावभर फिरते. माझी जागची हलली नाही, तरी इंजिन जाम! ताडपत्री घालताना तूच पार्ट काढलेस. माझा गाळा रिकामा कर!"

दस्तगीर शांतपणे म्हणाला, "साहेब, कालच प्लास्टर निघालं ना? दोन्ही हात समोर धरा."

रंगरावांनी धरले. डावा पार वाळला होता.

"हा हात दीड महिना नुसता जपला होता. यातलं मांस कुणी काढलं?"

रंगराव हाताकडे पाहत राहिले. मग पुटपुटले, "डॉक्टर म्हणाले, रोज हलवा, पण हिसका देऊ नका."

"गाडीचंही तेवढंच आहे, साहेब."

रंगरावांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "दुरुस्त झाली की रोज सकाळी मला मागं बसवून फिरव. हळू चालव. तोही हळूच चालवायचा."