साल्व्हियावरचा पहारा

जंगल विरळ होत होत जिथे संपते, तिथे एक विश्रामगृह होते आणि त्याच्या पायऱ्यांशी साल्व्हियाचा ताटवा होता. साल्व्हिया हे तुळशीच्या कुळातले शोभेचे झाड. त्याचे पान चुरगळले की औषधासारखा वास येतो, आणि फुलांचे तांबडे-जांभळे तुरे सरळ उभे राहतात. त्या पायऱ्यांच्या भेगेत, मातीत घर करून, एक निळी माशी राहत असे. पोळ्यातली मधमाशी नव्हे ही. पोटावर निळे पट्टे असलेली, एकटीच राहणारी आणि स्वभावाने भारी संशयी. घरात शिरण्याआधी ती मागे वळून पाही, आणि वाऱ्याने पान हलले तरी "कोण आहे?" असे विचारी. मुलांनो, हसू नका. तिला घर एकटीने सांभाळायचे होते, आणि घरात तिची अंडी होती.

अंडी घातलेली प्रत्येक खोली पराग आणि मधाने भरायची आणि मग दार मातीने लिंपायचे, असा तिचा रिवाज होता. बाकीच्या खोल्या लिंपून झाल्या होत्या. शेवटची अर्धीच भरली होती, आणि नेमके तेव्हाच साल्व्हियाचे काहीतरी बिनसले. कोवळे शेंडे आकसले, पाने वळली, कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. आसपास दुसरे काही फुललेले नव्हते. खोली अर्धी राहिली तर आतले पिल्लू उपाशी मरणार, हे माशीला पक्के ठाऊक होते.

"यात कोणाचा तरी हात आहे," ती म्हणाली आणि ताटव्याभोवती घिरट्या घालू लागली.

झाडाच्या बुंध्याशी एक काळा मुंगळा उभा होता. त्याच्या मागे मुंगळ्यांची रांग वर-खाली चालली होती. "कोण? कुठून आलात? काय काम?" त्याने मिशा पुढे करून विचारले. माशीला हे फार आवडले. आपल्यासारखाच चौकस कोणीतरी भेटला, असे तिला वाटले. संशयी माणसांचे असेच असते, दुसरा संशयी भेटला की ती लगेच विश्वास टाकतात.

"मुकादम, झाड का सुकते आहे?" तिने विचारले.

"आम्ही तर दिवसरात्र राखण करतो, बाई," मुंगळा गंभीरपणे म्हणाला. "पण वरच्या फांदीवर एक जण घोंगडी पांघरून हिंडतो आहे. तोंड दाखवत नाही. भला असता तर तोंड लपवले असते का? तुम्हीच सांगा."

माशी वर गेली. पाहते तर खरेच, पानाखालून कचऱ्याचा एक ढीग चालला होता. वाळक्या साली, भुसा, कसली कसली टरफले, आणि त्याखाली सहा बारीक पाय. शेंड्यावर हिरव्या किड्यांची दाटी होती. त्यांना मावा म्हणतात, आणि तुमच्या पेढ्यातल्या माव्याशी त्यांचा काही संबंध नाही. सोंड खुपसून ते एका जागी गप्प बसले होते, म्हणून माशीने त्यांच्याकडे लक्षच दिले नाही. गप्प बसणाऱ्याचा संशय कोणाला येतो? तिने झेप घेऊन घोंगडी ओढली. आत एक करडी, केसाळ अळी होती. ती "मावशी, थांबा" एवढेच म्हणू शकली. मुंगळे धावून आले आणि त्यांनी तिला फांदीवरून खाली ढकलून दिले.

"आता निर्धास्त राहा," मुंगळा म्हणाला. माशी निर्धास्त झाली. पण झाड काही सुधारेना. उलट मावा फांदी-फांदीवर चढला, पाने चिकट झाली आणि त्यांच्यावर काळी बुरशी धरू लागली. एका सकाळी माशी पानावर टेकली आणि तिचे पायच अडकले. सुटायची धडपड करताना तिला शेजारचा शेंडा अगदी जवळून दिसला. एक मुंगळा मिशीने माव्याची पाठ हळूच थोपटत होता. माव्याने मागून गोड थेंब टाकला, मुंगळ्याने तो पिऊन टाकला. दुसऱ्या मुंगळ्याने एक मावा तोंडात अलगद धरला आणि नव्या, कोवळ्या शेंड्यावर नेऊन बसवला. माशीला स्वतःचाच राग आला.

पाय सोडवून ती सरळ बुंध्याशी गेली. "मुकादम, तुम्ही झाडाची राखण करता म्हणालात."

"झाडाची?" मुंगळा शांतपणे म्हणाला. "आम्ही राखण करतो, एवढेच म्हणालो. कोणाची, ते तुम्ही विचारले नाहीत."

माशी तिथून निघाली आणि पायऱ्यांजवळच्या कुंड्यांमागे अळीला शोधू लागली. ती अळी एका कुंडीच्या सावलीत उघडीच पडली होती, भुकेने मलूल झालेली. "चूक माझी," माशी म्हणाली. "पण एक सांग, लपायचे कारण नव्हते तर घोंगडी कशाला?"

"कारण होते ना, मावशी. मी मावा खाते. उघडी गेले की मुंगळे मला फेकून देतात. खाल्लेल्या माव्याच्या वाळक्या साली पांघरल्या की त्यांना मी मावाच वाटते. आता साली नाहीत. मी वर जाऊ कशी?"

माशी उडाली ती माव्याने भरलेल्या फांदीला जाऊन बिलगली, आणि अंगातले सगळे बळ एकवटून तिने पंख थरथरवले. फांदी गदगदा हलली. मावा टपाटप खाली पडला, त्याच्याबरोबर वाळक्या सालीही पडल्या. मुंगळे मिशा उगारून धावले, तशी ती दुसऱ्या फांदीवर गेली. खाली अळीने पोटभर खाल्ले, साली पाठीवर रचल्या आणि ती बुंध्याकडे निघाली. मुकादमाने तिला मिशीने चाचपले. "आपलाच आहे, सोडा," तो म्हणाला.

अळीने मावा फस्त केला तसे झाडाला नवे तुरे आले, पण उशिरा आणि थोडेच. माशीने एकेका फुलातून मध गोळा करून ती शेवटची खोली भरली, दार लिंपले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मागे वळून न पाहता पायरीवर बसून राहिली. काही दिवसांनी माशी एका तुऱ्यावर बसली असताना हिरव्या जाळीदार पंखांचा एक नाजूक जीव तिच्या शेजारच्या फुलावर उतरला. माशी दचकली. सवय कुठे जाते?

"कोण तू?" असे ती विचारणारच होती, पण थांबली. "तू खातेस काय?" तिने विचारले.

"पूर्वी मावा खात होते, मावशी. आता थोडासा मध."

माशीने तिच्याकडे नीट पाहिले, आणि तुऱ्यावर जरा सरकून तिला जागा करून दिली.

तात्पर्य : कोणी काय पांघरले आहे किंवा कोण किती पहारा देतो, यावरून त्याची पारख करू नये, त्याचे पोट कशावर भरते, ते आधी पाहावे.