श्रीपतमामाची चार लिंबं

कासारवडी नावाच्या एका गावात एक भोळा मामा होता. नाव श्रीपती. खरं तर तो एकाच मुलीचा मामा, पण सगळं गाव त्याला मामाच म्हणायचं. त्याचा भोळेपणा असा की सांगितलेलं तो कधी विसरत नसे. आपण विसरतो, म्हणून आपलं निभतं.

त्याची भाची वैजयंता, म्हणजे वैजू. ती चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. मामा बहिणीला आणि भाचीला आपल्या घरी घेऊन आला. सायकलच्या दांडीवर बसवून त्याने वैजूला शाळेत सोडलं, ती कॉलेजात जाईपर्यंत. आता तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे तालुक्याचे. ते म्हणाले, मुलीला कार्यालयात आणायला आमची मोठी गाडी पाठवतो, ड्रायव्हरसकट.

वैजू म्हणाली, "नको. मला माझा मामा आणील."

मामाचा ऊर भरून आला. त्याने त्याच आठवड्यात एक जुनी गाडी घेतली. मग त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला गाडी येत नाही.

लग्नाला महिना होता. तालुक्याला मुलाणी मास्तर गाडी चालवायला शिकवत. मोठा शांत माणूस. निदान तेव्हा होता. त्यांच्यासमोर गाडीची पूजा झाली. नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली. मास्तरांनी गाडी लिंबांवरून फचकन दहा फूट पुढे नेली. गाडी सुरू कशी करतात ते मामाने नीट पाहून ठेवलं.

पहिल्याच दिवशी मास्तर त्याला पिंपळ चौकात घेऊन गेले. साखर कारखाना सुरू होता. उसाच्या ट्रॉल्या, ट्रॉल्यांमागे एसट्या, एसट्यांमागे ट्रक आणि उरलेल्या फटींत मोटारसायकली. ऐन चौकात मामाने क्लचवरचा पाय उचलला. गाडीला उचकी लागली आणि ती बंद पडली. हे सांगणाऱ्याची गाडी त्याच चौकात तीनदा बंद पडली आहे, त्यामुळे इथे फार हसू नये.

"घाबरू नका," मास्तर म्हणाले. "शांतपणे सगळं पहिल्यापासून करायचं."

"सगळं?"

"सगळं."

मामा उतरला. कडेच्या भाजीवालीकडून त्याने चार लिंबं घेतली, शेजारच्या दुकानातून नारळ घेतला. नारळ फोडून तो एकेका चाकाखाली लिंबू ठेवू लागला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मामाला वाटलं, आपल्याला बोलावतायत. तो एसटीपाशी जाऊन म्हणाला, "काय म्हणताय?" ड्रायव्हर काय म्हणाला ते इथे सांगण्यासारखं नाही. मग मामा ट्रककडे गेला.

मास्तरांनी त्याला दंडाला धरून आणलं. "अहो श्रीपतराव, मागनं किती का हॉर्न वाजंनात, मागं बघायचंच न्हाई."

"चुकलं मास्तर," मामा म्हणाला. "देवानं मला डोकं दिलं, पण त्याचा क्लच द्यायला इसरला. आता ध्यानात राहील."

आणि ध्यानात राहिलं. पंचाईत तीच होती.

दुसऱ्या दिवशी मामा घरच्या अंगणात गाडी मागे घेत होता. मागे कडब्याची गंजी. बहीण ओट्यावरून ओरडली, "श्रीपा, अरं मागं बघ." मामा सरळ समोर बघत राहिला. आक्काला गाडीतलं काय कळतंय, असंही त्याला वाटलं. गंजी गाडीवर बसली. बाहेर फक्त दोन वायपर दिसत होते, आणि ते हलत होते.

मास्तर आले. त्यांनी कपाळाला हात लावला. "मागं जाताना मागं बघायचं ओ. पुढं जाताना पुढच्या गाडीवर नजर ठेवायची. ती थांबली की थांबायचं, ती निघाली की निघायचं."

"चुकलं मास्तर. माझ्यापेक्षा कडबा शाणा. निदान जागेवर तरी हुता. आता ध्यानात राहील."

आणि ध्यानात राहिलं.

तिसऱ्या दिवशी चौक असा तुंबला की अर्धा तास चाक हललं नाही. मास्तर टपरीवर चहा आणायला उतरले. समोर उसाचा ट्रॅक्टर होता. मास्तरांनी पेला हातात घेतला आणि ट्रॅक्टर निघाला. मामाही निघाला.

ट्रॅक्टर कारखान्याच्या फाटकातून आत गेला. मामाही गेला. ट्रॅक्टर रांगेत उभा राहिला. मामाही राहिला. ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढून उतरला, मग मामा चढला. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून मान बाहेर काढली.

"ऊस कुठाय?"

"ऊस न्हाई. मी एकटाच हाय."

त्या माणसाने त्याचं वजन केलं. पुढे ऊस चरकाकडे नेणाऱ्या गव्हाणीत टाकत होते. तेवढ्यात कुणाच्या तरी मोटारसायकलवरून मुलाणी मास्तर आले, चहाचा पेला तसाच हातात. ते वेळेवर आले म्हणून वैजूला मामा राहिला.

"दुसरा कुठं का जाईना," मास्तर म्हणाले. आता त्यांचा आवाज कापत होता. "आपण कुठं निघालोय तेवढंच डोक्यात ठेवायचं. दुसरं कायबी डोक्यात आणायचं न्हाई."

"चुकलं मास्तर. तशी माझ्या डोक्यात जागाबी एकाचीच हाय. आता ध्यानात राहील."

मास्तरांनी उरलेला गार चहा पिऊन टाकला.

परवान्याची परीक्षा मोकळ्या मैदानावर झाली. तिथे पुढे कोणी नव्हतं आणि मागे कोणी नव्हतं. मामा पास झाला.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त बारा पस्तीसचा. आक्का पाहुण्यांबरोबर टेम्पोने पुढे गेली. घरी राहिले वैजू, तिला मुंडावळ्या बांधणारी शेजारीण आणि मामा. झेंडूच्या माळा घातलेली गाडी दारात उभी होती. मामाने नवा फेटा बांधला होता. आज चूक झाली तर पोरीची मान सासरच्यांपुढे खाली जाणार, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

वैजू आतून म्हणाली, "मामा, दोन मिनटात आले. गाडी चालू करून ठेव."

मामाने गाडी चालू केली. कुठे निघालोय? कार्यालयात. कुठे निघालोय? कार्यालयात. त्याने क्लच असा सोडला की गाडीला कळलंही नाही.

त्या दिवशी मामाने जी गाडी चालवली, तशी तालुक्यात कोणी चालवली नसेल. ट्रॉल्या आल्या, त्याने वाट दिली. एसटी आडवी आली, तो थांबला आणि पुन्हा निघाला. पिंपळ चौकात भाजीवालीने त्याला पाहताच चार लिंबं हातात घेतली होती, पण तो न थांबता पुढे गेला. तिने हात जोडले. मामाचे डोळे भरून आले. बारा वाजून दहा मिनिटांनी गाडी कार्यालयाच्या दारात उभी राहिली. बँडवाल्यांनी सुरुवात केली. मामाने उतरून ऐटीत मागचं दार उघडलं.

आक्काने आत वाकून पाहिलं. "वैजू कुठाय?"

मामानेही वाकून पाहिलं. सीटवर एक झेंडूची माळ होती.

"मास्तरांनी सांगिटलं हुतं, दुसरं कायबी डोक्यात आणू नको म्हणून," तो म्हणाला. मग त्याने स्वतःच्याच फेट्यावर चापट मारली. "आक्का, फेटा उगंच बांधला बघ. आत काय न्हाईच."

तो गाडीत बसला आणि घराकडे निघाला. कुठे निघालोय? घरी, वैजूला आणायला.

इकडे वैजूने वाट पाहिली नव्हती. शालूचा पदर खोचून ती शेजारणीची स्कूटर घेऊन निघाली होती. कार्यालयाच्या फाटकाशी ती आली आणि मामाची गाडी समोरून गेली. ती वळली. मागून हॉर्न वाजवत, हाका मारत सुटली. मामाने ऐकलं. मागून किती का हॉर्न वाजेनात. त्याने मागे बघितलं नाही.

पिंपळ चौकात गाडीला उचकी लागली आणि ती बंद पडली. मामा उतरला. भाजीवालीने न विचारता चार लिंबं दिली, नारळही तिने आणूनच ठेवला होता. मामा सगळं पहिल्यापासून करत असताना वैजूने स्कूटर भाजीवालीपाशी लावली आणि ती गाडीत मागे जाऊन बसली. मामा येऊन बसला, तसा तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामा, मी आले. वळव गाडी."

मामा मागे न बघता म्हणाला, "बरं झालं आलीस. नीट बस. पर मला आधी घरी जायचंय."

"कशाला?"

"तुला आणायला."

वैजू नीट बसली. लहानपणापासून ती या माणसाला ओळखत होती. गाडी घरी गेली. मामाने दार उघडलं. वैजू उतरली, उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली आणि बसली. शेजारीण बघतच राहिली.

"आता चल," वैजू म्हणाली. "आणि आता कुठं जायचं ते माझ्यासकट डोक्यात ठेव."

बारा पस्तीस केव्हाच होऊन गेले होते. गुरुजींनी पंचांग पुन्हा चाळून एक दहाचा मुहूर्त काढून ठेवला होता. एक वाजून पाच मिनिटांनी, सगळ्या सासरच्यांच्या देखत, वैजू मामाच्या गाडीतून उतरली. बोलल्याप्रमाणे तिला तिच्या मामानेच आणलं. आक्काला रडू आलं. मामाने वैजूचा हात धरला आणि तिला मांडवात आणलं.

गुरुजींनी माईक हातात घेतला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

मामाने वैजूचा हात सोडला आणि तो लगबगीने गाडीकडे निघाला. दारापाशी पोचल्यावर त्याने सदऱ्याचा खिसा चाचपला, मग दुसरा चाचपला, मग फेटा काढून पाहिला.

चावी वैजूच्या मेंदीच्या मुठीत होती.