कुमुदताईंचा नवा माइक

वस्तू माणसांशी बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. कुमुदताईंना परगावच्या नातीच्या बारशासाठी पाळणा रेकॉर्ड करून पाठवायचा होता. पण खोलीत आवाज घुमायचा. म्हणून त्यांनी जुना माइक बाजूला ठेवून महागडा आणला. तरी आवाज घुमतच राहिला.

"तुला काय काय ऐकू येतं रे?" जुन्या माइकनं नव्याला विचारलं.

"ताईंचा पाळणा. आणि लगेच तोच पाळणा समोरच्या मोकळ्या भिंतीवरून परत येतो."

"मग मला टांगा की तिथे," पलंगावरची गोधडी म्हणाली.

ताईंनी गोधडी भिंतीवर टांगली. मग गंमत म्हणून त्या जुन्याच माइकपुढे गायल्या. पाळणा अगदी स्वच्छ उमटला.

"मग मला कशाला आणलंत?" नव्यानं विचारलं.

ताई ओशाळल्या. "उपाय शोधायला दुकानात गेले, तिथे घरातली गोधडी काही दिसली नाही रे!"