अंधारात राहिलेलं गाव

फार मागची गोष्ट आहे. एका नदीच्या वळणावर एक गाव वसलं होतं. गाव सखल जागेत, आणि गावामागे एक उंच टेकडी. टेकडीवर दगडी देऊळ. दर पावसाळ्यात नदी एकदा तरी गावात शिरायची. मग गुरांची दावी सोडायची, पोरं काखेत घ्यायची, पीठमीठ फडक्यात बांधायचं आणि सगळ्यांनी टेकडी चढायची, हे ठरलेलं होतं.

सगळ्यांनी म्हणजे अगदी सगळ्यांनी नाही. तिन्हीसांजेला घर अंधारात राहू नये, अशी त्या गावाची रीत होती. म्हणून पूर आला तरी प्रत्येक घरातलं एक माणूस मागे राहायचं. बहुधा घरातलं सर्वांत वयस्कर. त्याला गाव ‘दिव्याचं माणूस’ म्हणायचं. ते माळ्यावर चढून बसायचं आणि वेळ झाली की खिडकीत दिवा लावायचं. टेकडीवरची माणसं पावसातून खाली बघत असायची. आपला दिवा दिसला की म्हणायची, “लागला बरं का आपला!”

पूर्वी त्यात फारसा धोका नव्हता. पाणी उंबरठ्याला लागायचं आणि मुकाट परत जायचं. पण वरच्या डोंगरांतलं रान तुटत गेलं, तशी नदीची चाल बदलली. पाणी आता हळूहळू चढत नसे, धावत येई. मागच्या वर्षी कुंभाराची म्हातारी आई दिवा लावायला मागे राहिली. पूर ओसरल्यावर पडक्या भिंती सापडल्या, म्हातारी सापडली नाही. गाव हळहळलं. “तिची वेळ भरली होती,” असं म्हणालं. रीत होती तशीच राहिली.

त्याच गावात एक म्हातारा बुरूड राहत होता. सुपं, टोपल्या, कणग्या विणायचा. एकटाच होता. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. ती होती तेव्हा पुरात टेकडीवर जायची आणि हा मागे राहायचा. पाणी उतरलं की ती घरी यायची, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असायचा, “दिवा दिसला ना?” ती म्हणायची, “दिसला,” आणि खराटा घेऊन गाळ लोटायला लागायची.

आता टेकडीवरून त्याचा दिवा बघणारं कुणी उरलं नव्हतं. तरीही तो प्रत्येक पुरात दिवा लावायचा. वात पेटली की त्याला वाटायचं, ती देवळाच्या पायरीवर बसली आहे आणि आत्ता शेजारणीला म्हणाली असेल, “लागला.” तेवढा वेळ त्याचं घर रिकामं नसायचं.

त्या वर्षी पाऊस असा लागला की समोरचं झाड दिसेना. दुपार उलटली तेव्हा गाव टेकडीकडे निघालं होतं. म्हातारा मात्र घरात टोपलीचा काठ वळत बसला होता. एवढ्यात शेजारची कुंभारीण पदर खोचून, चिखल तुडवत दारात आली.

“काका, झालं का आवरून?”

“मी कशाला आवरू? मी कुठे चाललोय?”

“टेकडीवर.”

“आणि दिवा कोण लावेल? तुझा बाप?”

“माझा बाप तिकडे कोरड्या गावात तंबाखू मळत बसलाय. त्याला मध्ये आणू नका.”

म्हातारा हसला. “जा बाई तू. पोरं गेली ना वर?”

“त्यांच्या बापाबरोबर गेली.”

“मग तूही जा. पाणी वाढतंय.”

“वाढतंय ना? बरं झालं, तुम्हीच म्हणालात,” असं म्हणून ती माळ्याच्या शिडीशी मांडी घालून बसली.

“हे काय मांडलंयस?”

“बसले. तुम्ही उठलात की उठेन.”

“हा हट्ट झाला!”

“हट्टच आहे. मी कुंभाराची आहे. मडकं उतरल्याशिवाय चाकावरून उठत नाही.”

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं आणि काठ वळायला घेतला. बघता बघता पाणी उंबरठा ओलांडून आत आलं. भिंतीला टेकवलेली सुपं आडवी झाली आणि एक कोरी टोपली हलकेच तरंगत कुंभारणीच्या गुडघ्याशी येऊन लागली. ती जागची हलली नाही.

आता म्हातारा चिडला. “अगं, तुला पोरं आहेत!”

“आहेत. म्हणून तर घाई आहे. उठा.”

“तुला नाही कळायचं.” त्याचा आवाज खाली आला. “तिला माझा दिवा बघायची सवय होती. एका पुरात मी चुकलो नाही. आज घर अंधारात सोडून गेलो, तर तिला काय वाटेल?”

कुंभारणीनं गुडघ्याशी आलेली टोपली बाजूला सारली. मग तिनं विचारलं, “काका, पुरात तुम्ही कधी टेकडीवर बसलाय?”

“नाही. मी कायम खालीच.”

“मग तुम्हाला कसं माहीत असणार? काकू माझ्याच शेजारी बसायच्या. दिवे लागायला लागले की सगळी ओरडायची, लागला, लागला. काकू नाही ओरडायच्या. तुमचा दिवा दिसला की पदराचा बोळा तोंडाशी धरायच्या. एकदा मी म्हटलं, काकू, दिवा तर लागला, आता रडता कशाला? तर म्हणाल्या, दिवा लागला, म्हणजे हे अजून खालीच आहेत गं.”

म्हाताऱ्याचे हात थांबले.

“मला तेव्हा ते कळलं नव्हतं,” कुंभारीण म्हणाली. “मागच्या वर्षी कळलं. सासूबाईंचा दिवा लागलेला मी बघितला. आमच्या ह्यांना दाखवलासुद्धा. आणि मग तो दिसेना. वरून कितीही हाका मारल्या तरी खाली पोचत नाहीत, काका.”

बाहेर पाण्याचा आवाज वाढत होता.

“मला कधी बोलली नाही ती,” म्हातारा म्हणाला.

“तुम्ही विचारलंत कधी?”

म्हाताऱ्याला आठवलं. आपण विचारत होतो ते दिव्याचं विचारत होतो. तिनंही दिव्याचंच उत्तर दिलं होतं.

तो उठला. घोटाभर पाण्यातून कोनाड्यापाशी गेला आणि दिवा हातात घेतला. “निदान लावून तरी निघतो. वेळ झालीच आहे.”

कुंभारणीनं त्याचं मनगट धरलं. “नको काका. दिवा दिसला तर वर वाटेल, तुम्ही आतच आहात. कुणीतरी तुम्हाला न्यायला खाली उतरेल. मग त्याचं काय?”

घर सोडणं म्हाताऱ्याला जड गेलंच असतं. पण न पेटवलेली वात तशीच ठेवून घराला पाठ करणं, ते त्याहून जड होतं. कुणाची तरी परवानगी मागावी तसा तो क्षणभर उभा राहिला. मग त्यानं दिवा कोनाड्यात ठेवला आणि कुंभारणीच्या खांद्यावर हात टेकून बाहेर पडला.

टेकडीच्या वाटेवर तेलिणीचं घर होतं. म्हातारी तेलीण माळ्याच्या खिडकीत काकडा वळत बसली होती. तिनं दोघांना बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“अहो बुरूडभावजी! घर अंधारात टाकून निघालात? लाज नाही वाटत?”

“वाटते हो वहिनी,” म्हातारा पावसातून ओरडला. “एकट्याला ती लाज उचलवत नाही. तुम्हीही चला, वर बसून वाटून घेऊ.”

“जळलं मेलं तुमचं बोलणं! म्हातारपणी काय सुचतंय!” असं म्हणत तेलीण खिडकीतून नाहीशी झाली. ती रागावून आत गेली, असं दोघांना वाटलं. पण ती शिडी उतरत होती. दारात आली आणि कुंभारणीला म्हणाली, “हात दे गं. गुडघे वाकत नाहीत माझे.”

जाता जाता तिनंच पलीकडच्या खिडकीला हाक दिली. “ए, उतरा खाली! बुरूड निघाला!” त्या खिडकीनं पुढच्या खिडकीला सांगितलं. ज्यानं एकाही पुरात दिवा चुकवला नव्हता तो निघाला म्हटल्यावर, एकेक दिव्याचं माणूस कुरकुरत, कण्हत, एकमेकांचे हात धरत पाण्यात उतरलं आणि टेकडीला लागलं.

वर तिन्हीसांज झाली. माणसं देवळाच्या कठड्याशी उभी राहून खाली बघत होती. एकही दिवा लागेना. कुणीतरी रडायला सुरुवात केली. कुंभाराच्या कडेवर दोन पोरं होती आणि तो माणसांमधून बायकोला शोधत होता. तेवढ्यात वाटेवर, पावसात, काही ओली माणसं हलताना दिसली. सगळ्यांत पुढे तेलिणीचा आवाज येत होता, “हळू चाला रे, मला ढकलू नका!”

“आई!” कुणी ओरडलं. “अगं, आजी आली!” दुसरीकडून आवाज आला. नुसता गलका उठला.

“कुठे मेली होतीस तू?” कुंभार बायकोवर खेकसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

“काकांना आणत होते,” ती म्हणाली.

कुंभारानं आपली घोंगडी काढली आणि म्हाताऱ्याच्या अंगावर घातली.

थोड्याच वेळात नदीचा लोंढा आला. बुरुडाचं घर, तेलिणीचा माळा, नदीकाठची आळी, सगळं त्यानं धुऊन नेलं. कौलांखाली त्या संध्याकाळी कुणीही नव्हतं.

कुंभारणीनं म्हाताऱ्याला देवळाच्या एका पायरीवर बसवलं. “काकू इथंच बसायच्या,” तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं तिथून पहिल्यांदाच खाली बघितलं. घर जिथे होतं तिथे गडद अंधार होता. त्या अंधाराकडे बघत, शेजारी कुणी बसलं असावं तसं, तो हळूच म्हणाला, “बघ. नाही लावला.”

पुढे गावानं टेकडीच्या अंगाला नवी घरं बांधली. नदी अजूनही कधी कधी खवळते. तेव्हा सगळी माणसं, अगदी सगळी, वर देवळाशी येतात. तिन्हीसांजेला कुणीतरी कठड्याशी जाऊन खाली गावात डोकावतं आणि परत येऊन सांगतं, “अंधार आहे बरं का.” मग बायका निवांतपणे भात चुलीवर चढवतात.

एवढंच याचं तात्पर्य: संकटात घराला आपली राखण लागत नाही, जे आपली वाट बघत बसलेले असतात, त्यांना आपण लागतो.